वीर कोणाच्या हाती?

बाहेरगावचा पाहुणा धुळवडीला पांढरे कपडे घालून नाशकात उतरला, की त्याची फजिती ठरलेली. इथे रंग खेळायचा तो रंगपंचमीला. धुळवड वीरांची. दुपार कलली की जुन्या नाशकात वाद्यं घुमू लागतात आणि पाच-सहा वर्षांचे राम, कृष्ण, खंडोबा, शिवाजी महाराज घामाने ओघळलेल्या मिशा सावरत गंगेकडे निघतात. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.)

देवघरातला वीर, म्हणजे घराण्यात लढता लढता गेलेल्या पूर्वजाचा टाक, नारळासोबत लाल कापडात बांधून पोराच्या हाती देतात. रामकुंडावर त्याला अंघोळ घालायची, नाचवत परत आणायचं. बाशिंग बांधलेल्या दाजीबा वीरांच्या मिरवणुकीला गर्दी लोटते, पण मला या घरगुती वीरांचंच कौतुक जास्त. कारण इथे पोराला काम असतं. शाळेतल्या दहीहंडीत त्याला फक्त फोटोपुरतं उभं राहायचं असतं. वीर मात्र हातातून पडू द्यायचा नसतो, आणि हे त्याला बरोबर कळतं. एरवी पाण्याची बाटली हरवून येणारं पोर तो टाक छातीशी घट्ट धरतं.

मग प्रश्न सुरू होतात. हा कोण होता? कसा मेला? कुणी मारलं? आपण ‘नंतर सांगते’ म्हणून टाळतो, कारण बहुतेकदा आपल्यालाच ठाऊक नसतं. आजी किंवा मोठे काका हयात असतील तर होळीच्या आधीच त्यांच्याकडे जाऊन विचारून घ्यावं. नावही निघालं नाही, तर तसं सरळ सांगावं. पोरांना ते चालतं.

रंगपंचमीच्या रहाडींचं मात्र उलट. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा इथले हे पेशवेकाळापासूनचे हौद वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात. चांगले पुरुषभर खोल. त्यातल्या रंगाच्या पाण्यात धपाधप मारलेल्या उड्यांत, म्हणजे धप्प्यांत, चिमुरड्यांचं काम नाही. बाप खांद्यावर घेऊन उतरतो म्हणाला, तरी त्याला अडवावं. त्यापेक्षा आदल्या दिवसांत माती उपसताना, रंगासाठी फुलं उकळताना न्यावं, ‘मोठा झालास की तूही मार धप्पा’ म्हणावं आणि घरी आणावं. रुसू दे. सणात पुढच्या वयासाठी राखलेलं काही असावं; आपण हल्ली सगळंच पाचव्या वर्षाच्या आत उरकून टाकतो.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. बहुतेक घरांत वीर मुलाच्याच हाती जातो, आणि बहीण आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहते. शौर्याचा वारसा सांगायचा नि अर्ध्या घराला बघ्याचं काम द्यायचं, हे मला पटत नाही. कुलाचार बुडेल म्हणणाऱ्यांनी बघावं, की घरात मुलगा नाही म्हणून टाक देवघरातच राहिला तर तो कसा टिकणार? यंदा मुलगी पुढे आली तर वीर तिच्या हाती द्या. मात्र फेटा तिच्या मापाचा बांधायला वेळ लागेल. जेवणं जरा लवकर आटपा.