आधी नकाशा, मग फोटो

महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुट्टी लागते मे महिन्यात आणि केनियातला मोठा पाऊस पडतो मार्च ते मे. ही दोन वेळापत्रकं जुळत नाहीत, पण सहलींच्या जाहिरातीत ती सहज जुळवली जातात. पत्रकावर फोटो असतो मगरींच्या नदीत उड्या घेणाऱ्या वाइल्डबीस्टच्या कळपाचा आणि खाली तारीख असते मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. मेमध्ये हे कळप मसाई मारात नसतातच. ते सीमेपलीकडे, टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मध्य आणि पश्चिम भागात चरत असतात. मारा नदीवर त्यांची गर्दी होते ती साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात. म्हणजे फोटो खरा, तारीखही खरी; फक्त दोन्ही एका कागदावर यायला नको होती.

मग मेमध्ये जाऊच नये का? असं मुळीच नाही. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ मारात बारा महिने असतात. प्रवेशाचं तिकीट त्या दिवसांत निम्मं असतं आणि गाड्यांची गर्दी नसते. उलट बाजूही आहे. मारातली बरीच जमीन काळ्या कापसाच्या मातीची आहे. पावसात तिच्यात गाडीची चाकं कशी रुततात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. काही कॅम्प तर एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. या दोन्ही बाजू स्वतःहून मांडणारा एजंट भेटला, तर त्याच्या शिफारशीला किंमत द्यावी. ‘मे पण मस्तच असतो, साहेब’ एवढ्यावर थांबणाऱ्याला आणखी चार प्रश्न विचारावेत.

सफारीचा कॅम्प निवडणं आणि थंड हवेच्या ठिकाणी हॉटेल निवडणं यांत मोठा फरक आहे. महाबळेश्वरला खोली बाजारपेठेपासून दोन किलोमीटर लांब असली, तरी सहल काही बिघडत नाही. मारात मात्र कॅम्प कुठे आहे यावर दिवसाचे तास, गाडीला मुभा कशाची, तिकिटाचे पैसे आणि समोर दिसणारे प्राणी, सगळंच ठरतं. म्हणून एजंटच्या शिफारशीचं वजन करताना एकच कसोटी पुरेशी आहे: तो जागेबद्दल आणि ऋतूबद्दल जास्त बोलतो, की पलंग, पोहण्याचा तलाव आणि जेवणाबद्दल?

‘मारा’ हा शब्द नावात असलेला कॅम्प प्रत्यक्षात अगदी वेगवेगळ्या जागी असू शकतो. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचं आहे. त्याचा पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. त्याचं व्यवस्थापन 2001 पासून वेगळी संस्था पाहते. राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेऊन उभ्या केलेल्या कॉन्झर्व्हन्सी आहेत: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोईशो, ओल किन्येई. आणि चौथा प्रकार म्हणजे सेकेनानी, तालेक अशा प्रवेशद्वारांबाहेर दाटीवाटीने उभे असलेले कॅम्प. आपल्याकडच्या सहलींत बहुधा हाच चौथा प्रकार येतो, कारण तो स्वस्त पडतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते एवढंच, की तो चौथा प्रकार आहे हे सांगितलं जात नाही.

सेकेनानीच्या बाहेर राहणाऱ्याला नदीच्या ओलांडणीच्या जागांपर्यंत पोचायला दीड-दोन तास सहज लागतात आणि परतीला तेवढेच. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 या बारा तासांचं. 2024 पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर या काळात रोजचे 200 डॉलर आणि जानेवारी ते जूनमध्ये 100 डॉलर मोजावे लागतात. ऑगस्टमध्ये नवरा-बायको तीन दिवस फिरले, तर नुसत्या प्रवेशाचेच 1,200 डॉलर होतात. राखीव क्षेत्राच्या आत मुक्काम असेल, तर शेवटच्या दिवशी सकाळी 10 च्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं तिकीट भरावं लागतं. दर रात्री खोलीमागे पन्नास डॉलर वाचवणारा स्वस्त कॅम्प दिवसाचे चार तास रस्त्यावर घालवत असेल, तर ती बचत नेमकी कोणाची झाली, याचा हिशेब आगाऊ रक्कम भरण्याआधी व्हायला हवा.

कॉन्झर्व्हन्सीचं गणित वेगळं आहे. नाबोईशो 2010 मध्ये स्थापन झाली तेव्हा पाचशेच्या वर मसाई जमीनमालकांनी मिळून सुमारे 50 हजार एकर जमीन एकत्र केली. त्यांना दरमहा भाडं मिळतं आणि बदल्यात कॅम्पची संख्या मर्यादित राहते. ओल किन्येईसारख्या ठिकाणी 700 एकरांमागे एक तंबू, असं प्रमाण ठरलेलं आहे. राखीव क्षेत्रात जे चालत नाही ते इथे चालतं: रस्ता सोडून गाडी प्राण्याजवळ नेणं, रात्रीची सफारी, मसाई वाटाड्याबरोबर पायी फेरी. दर चढे असतात. शिवाय कॉन्झर्व्हन्सीत राहून नदीवर जायचं ठरवलं, तर राखीव क्षेत्राचं तिकीट वेगळं काढावं लागतं. जो एजंट कॉन्झर्व्हन्सीची शिफारस करतो पण हे वेगळं तिकीट कोटेशनमध्ये दाखवत नाही, त्याने अर्धंच काम केलेलं असतं.

टांझानियात अंतरं आणखी मोठी. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा आणि बफर मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या आठपटीहून जास्त. सेरोनेरातला लॉज ऐन मध्यावर आहे, बारमाही आहे आणि बिबट्यांसाठी चांगला आहे. पण ऑगस्टमध्ये नदीची ओलांडणी पाहायला तिथून उत्तरेला कोगाटेंडेपर्यंत रोज जाऊन येणं हा काही शहाणपणाचा बेत नव्हे. फेब्रुवारीत हेच कळप दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ मैदानात असतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात. म्हणूनच तिथले फिरते कॅम्प ऋतूप्रमाणे आपलं तंबू-बिऱ्हाड हलवतात. बुकिंग करताना ‘त्या तारखेला हा कॅम्प कुठे असेल?’ हा प्रश्न विचित्र वाटला, तरी तिथे तो अगदी रीतसर आहे.

आता पैशाचं. बहुतेक कॅम्प दोन दर ठेवतात: एक जाहीर, एक व्यापारातल्यांसाठी. दोहोंतलं अंतर साधारण 20 ते 30 टक्के असतं आणि एजंट आणि स्थानिक ऑपरेटर यांची कमाई त्यातूनच होते. शिवाय कॅम्पवाले एजंटांना फुकट किंवा नाममात्र दरात बोलावून मुक्काम घडवतात. धंद्यात याला ‘फॅम ट्रिप’ म्हणतात. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट, जो एजंट स्वतः तिथे राहिला आहे तो न राहिलेल्यापेक्षा केव्हाही बरा. अडचण एवढीच, की पाहुणा म्हणून गेलेल्याला सगळ्यांत चांगला तंबू, सगळ्यांत अनुभवी गाइड आणि मोकळी गाडी मिळते. पैसे भरून गेलेल्या नागपूरच्या कुटुंबाला तेच मिळेल, याची खात्री त्या एका मुक्कामावरून देता येत नाही. स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाने मुलाकडचा पाहुणचार घेऊन घराची तारीफ करावी, तसंच हे. त्याचं ऐकायचं, पण चौकशी आपली आपण करायची.

तरीही ‘एजंट नकोच, सगळं आपणच करू’ हा इंटरनेटने चढवलेला जोश प्रत्येकाला परवडत नाही. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानांत माणशी 15 किलो सामान चालतं आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घेऊन आलेल्यांची तिथे पंचाईत होते. मारात धावपट्ट्या अनेक आहेत. कॅम्प मारा नॉर्थमध्ये आणि विमान कीकोरोकला उतरलं, तर अर्धा दिवस गाडीत जातो. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतो; आठवडाभर आधी जागं होऊन भागत नाही. आजी-आजोबा बरोबर असतील, तर बादलीच्या शॉवरचा, रात्री रखवालदाराशिवाय तंबूबाहेर पडू न देणारा, कुंपण नसलेला कॅम्प त्यांना मानवेल का, हा प्रश्नही कुणीतरी वेळेवर विचारायला हवा. जो एजंट हे सगळं न विचारता सांगतो, त्याचं कमिशन त्याने कमावलेलं असतं.

आणि सगळा दोष एजंटवर ढकलून मराठी पर्यटक मोकळा होऊ शकत नाही. दुकानात जे विचारलं जातं तेच मांडलं जातं. ‘आपलं जेवण मिळेल ना?’ हा पहिला प्रश्न. ‘सिंह नक्की दिसेल ना?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पोळी-भाजी वाढणाऱ्या मोठ्या लॉजकडे घेऊन जातं, मग तो लॉज कुठेही असो. खरं तर शाकाहारी जेवण आधी कळवलं, तर लहान कॅम्पही करून देतात. दुसऱ्याचं उत्तर जास्त महागात पडतं, कारण ‘नक्की’ची हमी एकदा दिली, की ती पुरी करण्याचा भार गाडीच्या चालकावर येतो.

त्याचे परिणाम दिसलेले आहेत. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. जुलै 2025 मध्ये उत्तर सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून थेट नदीकाठी उभे राहिले आणि कळपाचा मार्ग अडला. ती चित्रफीत जगभर पोचली आणि टांझानियाच्या उद्यान प्राधिकरणाला जाहीरपणे उत्तर द्यावं लागलं. दोन्हीकडे गाड्या चालवणारे स्थानिक होते, पण त्यांच्या मागच्या बाकावरची घाई सहलीच्या पत्रकातून आलेली होती. मारात एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, असा नियम आहे. तो पाळणाऱ्या गाइडला ‘जरा पुढे घ्या की’ म्हणणारा पर्यटक आणि हमी देणारा एजंट यांच्यात फारसं अंतर नाही.

म्हणून गाइडची चौकशी तंबूच्या आधी व्हावी. केनियात प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी देते. गाइड कोणत्या श्रेणीचा, गाडीत एकूण किती जण, सगळ्यांना खिडकी आहे का, गाडी लँड क्रूझर की छत उघडणारी व्हॅन, गाइड कॅम्पचा की नैरोबीहून सोबत आलेला चालक, हे प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. ताडोब्याला जाणारे हे थोडंफार शिकले आहेत. मोहर्लीच्या रिसॉर्टमध्ये खोली आणि कोलाऱ्याच्या गेटची सफारी घेतली, की पहाटेच्या अंधारात केवढा वळसा पडतो, हे एकदा अनुभवलेला माणूस दुसऱ्यांदा आधी गेट ठरवतो आणि मग खोली शोधतो. तीच शिस्त आफ्रिकेच्या सहलीत लागू करायला हरकत नसावी.

ज्याला मध्यस्थ अजिबात नको, त्याच्यासाठीही वाट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात स्कुकुझा, साटारा, लोअर साबी असे सरकारी कॅम्प आहेत, त्यांचं बुकिंग थेट सॅनपार्क्स या तिथल्या उद्यान संस्थेकडे होतं, मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि भाड्याची गाडी स्वतः चालवत फिरता येतं. वाहतूकही आपल्यासारखी डाव्या बाजूने.

मारा-सेरेंगेटीसाठी मात्र एजंट लागणारच असेल, तर महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांनी कोटेशनमध्ये चार ओळी वाढवाव्यात: कॅम्पचं नकाशावरचं ठिकाण आणि प्रवेशद्वारापासून लागणारा वेळ, उद्यानाची तिकिटं धरली आहेत की नाहीत, कंपनीतलं कोण तिथे शेवटचं कधी राहिलं आणि तो मुक्काम फुकट होता का. चार-पाच लाख रुपये भरणाऱ्या कुटुंबाला एवढी माहिती मागण्याचा अधिकार आहे, आणि ज्यांच्याकडे ती तयार आहे अशा एजंटांना ती छापल्याने तोटा नव्हे, गिऱ्हाईकच मिळेल.