इंग्रजी भाषेला भविष्यकाळ नाही

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी व्याकरणाचा तास चालू असताना वर्गावरून जाणाऱ्या माणसास फळ्यावर एक कोष्टक हमखास आढळते: भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन उभे रकाने, प्रत्येकाचे चार आडवे खण, आणि त्यांतील भविष्याच्या चारही खणांच्या माथी एखाद्या सरकारी शिक्क्याप्रमाणे ठोकलेला 'विल' हा शब्द, ज्याच्या शेजारी जुन्या शिस्तीचे मास्तर असल्यास 'शॅल' हाही अदबीने उभा असतो. हे कोष्टक मुलांच्या तीन-चार पिढ्यांनी निमूटपणे घोकले, त्यावर गुण मिळविले आणि पुढे आपल्या मुलांकडूनही घोकून घेतले. परंतु ज्या भाषेचे म्हणून ते सांगितले जाते त्या भाषेत भविष्यकाळ नावाचा काळच नाही, ही गोष्ट त्या वर्गात कोणी उच्चारीत नाही. हे विधान एखाद्या विक्षिप्त माणसाचे नव्हे. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच ते मांडले होते, आणि २००२ साली केंब्रिजहून निघालेल्या, हडलस्टन व पुलम यांनी सिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद्व्याकरणातही तेच ग्राह्य धरलेले आहे.

काळ याचा व्याकरणातला अर्थ क्रियापदाच्या रूपात होणारा विकार असा घेतला, तर इंग्रजी क्रियापदाला दोनच काळ उरतात, वर्तमान आणि भूत. भविष्याचे काम त्या भाषेने प्रथमपासून उसनवारीवर चालविले आहे. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज उद्याच्या गोष्टी वर्तमानकाळातच बोलत. 'विल' हे त्या काळी 'इच्छिणे' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद होते, आणि 'शॅल' याचा मूळ अर्थ 'देणे लागणे', म्हणजे ऋणको असणे, असा होता. एकात मनाची ओढ, दुसऱ्यात मानेवरचे ओझे. जे घडावे अशी इच्छा आहे आणि जे घडविणे भाग आहे, ते बहुधा पुढे घडते, एवढ्याच आधारावर ही दोन क्रियापदे हळूहळू भविष्याच्या चाकरीत दाखल झाली. मात्र पूर्वीचा स्वभाव त्यांनी कधीच पुरता टाकला नाही. मृत्युपत्राला आपण घरोघरी 'विल' म्हणतो, ते याच शब्दाचे नामरूप, आणि त्याला 'इच्छापत्र' असा जो दुसरा मराठी पर्याय आहे तो त्याच्या कुळाशी अधिक इमान राखणारा आहे. इंग्रजी चर्चमध्ये विवाहसमयी वधूवरांना अंगीकाराविषयी विचारले असता ते 'आय विल' असे उत्तर देतात, त्यातही भविष्य नाही. ती त्या क्षणी, साक्षीदारांसमक्ष दिलेली राजीखुशीची कबुली आहे.

मग हा काळ आला कोठून? त्याची हकिगत मौजेची आहे. युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण असा दंडक होता, आणि लॅटिनला भविष्यकाळाची स्वतंत्र रूपे असल्यामुळे इंग्रजीलाही ती असलीच पाहिजेत, या समजुतीने इंग्रजीच्या व्याकरणात एक रिकामा खण तयार झाला व तो भरण्यासाठी ही दोन क्रियापदे पकडून आणली गेली. १६५३ साली ऑक्सफर्डचे जॉन वॉलिस यांनी लॅटिन भाषेतच लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असा नियम बांधून दिला की प्रथमपुरुषी 'शॅल' वापरल्यास केवळ भाकीत आणि 'विल' वापरल्यास वचन किंवा धमकी, तर द्वितीय व तृतीय पुरुषी याच्या नेमके उलट. हे वॉलिस पेशाने गणिती होते आणि अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह त्यांनीच गणितात आणले. ज्याने अनंताला चिन्ह दिले त्यानेच भवितव्याला दोन रकान्यांत कोंडावे, हा योग विलक्षण खरा. पुढील दोन शतके व्याकरणकारांनी हा नियम एकमेकांच्या ग्रंथांतून उतरवून घेतला, आणि तो न पाळल्याने काय अनर्थ होतो हे पटविण्यासाठी नदीत गटांगळ्या खाणाऱ्या एका परक्याची गोष्टही रचली, जो 'विल' व 'शॅल' यांची अदलाबदल करून आपण बुडण्याचा निश्चय केला आहे आणि आपणास कोणी वाचविता कामा नये असे ओरडतो व काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखून त्याला बुडू देतात. या गोष्टीतला परका कोणी आयरिश सांगे, कोणी स्कॉटिश, कोणी फ्रेंच. तात्पर्य, नियम मोडणारा नेहमी शेजारचा असे. फाउलर बंधूंनी १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात तर सरळच सांगून टाकले की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हा भेद जन्मतःच येतो आणि इतरांना तो कमावणे जवळजवळ अशक्य आहे. जो नियम जन्मानेच येतो त्याला व्याकरण म्हणण्यापेक्षा जात म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

आणि खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या थोर पुरुषांनी तो किती पाळला? ४ जून १९४० रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटात शत्रूशी सर्वत्र लढण्याची जी प्रतिज्ञा केली ती प्रथमपुरुषी 'शॅल' वापरून. १९४२ मध्ये फिलिपाइन्स सोडून ऑस्ट्रेलियात आलेल्या जनरल मॅकआर्थर यांनी परत येण्याचे जे अभिवचन दिले, तेही 'शॅल' वापरूनच. वॉलिसांच्या नियमान्वये ही दोन्ही नुसती भाकिते ठरतात, परंतु ती ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांनी ती शपथच समजली. असे असूनही हा नियम आमच्याकडे वेदवाक्यासारखा पोचला, तो प्रामुख्याने रेन आणि मार्टिन यांच्या पाठ्यपुस्तकाबरोबर. त्यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि फावल्या वेळात साहसकथा लिहीत, ही माहिती त्यांच्या पुस्तकाची पारायणे केलेल्या पुष्कळांना नसते.

माझा आक्षेप इंग्रजांच्या व्याकरणावर नाही. त्यांचे ते पाहून घेतील. माझा आक्षेप आहे तो मराठी मुलाला 'विल म्हणजे ईन, शील, ईल' असे समीकरण शिकविण्यावर, कारण या समीकरणाने त्याचे दुहेरी नुकसान होते. इंग्रजीत दार उघडत नसले, तर ते दार उघडायला 'वोन्ट' असे म्हणतात. समीकरण पाठ केलेला मुलगा याचे 'दार उघडणार नाही' असे भाषांतर करतो आणि मास्तर ते बरोबर धरतात. परंतु अर्थ आहे 'दार उघडेना'. मूल जेवेना, बैल उठेना, म्हातारा ऐकेना, या बोलण्यात जो हट्ट आहे, जो सजीवांप्रमाणे निर्जीवांवरही आपण लादतो, तोच त्या इंग्रजी शब्दात इच्छेच्या मूळ अर्थासह शाबूत राहिलेला आहे. मराठीइतके चपखल रूप त्यासाठी दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल, आणि नेमके तेच रूप आमच्या भाषांतराच्या वहीत येत नाही. त्याचप्रमाणे दारावरची घंटा वाजली असता इंग्रज गृहिणी 'विल' वापरून 'तो टपालवाला असेल' असे म्हणते, तेव्हा टपालवाला उद्याचा नसून या क्षणी दारात उभा असतो. तिने वापरलेला शब्द अनुमानाचा आहे, आणि आमचे 'असेल' हेही तेथे अनुमानाचेच आहे. दहा वाजले असतील, गाडी गेली असेल, हे आपण रोज बोलतो व त्यात भविष्याचा गंधही नसतो.

उलटपक्षी, खरोखरीचे भविष्य बोलताना मराठी माणूस 'ईल'चा आश्रय घेतोच असे नाही. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. हाक आली की जागचे हललोही नसताना 'आलोच' असे भूतकाळात उत्तर देतो. उद्याची गोष्ट 'मी उद्या पुण्याला जातो' अशी वर्तमानात सांगतो. आणि पक्का बेत असला की 'जाणार आहे' म्हणतो. यात गैर काहीच नाही. वर्तमानाच्या अगदी समीप असलेल्या गोष्टीसाठी वर्तमानाचे प्रत्यय चालतात, आणि ज्याची आशा धरली आहे अशा भावी गोष्टीसाठी भूतकाळाचेही चालतात, अशी तरतूद पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात स्वच्छ करून ठेवली आहे. 'पाऊस पडला तर पेरणी करू' असे म्हणणारा शेतकरी तीच वहिवाट चालवीत असतो. आमच्या 'ईल'ची वंशावळही सरळ नाही. संस्कृत 'करिष्यति'तील भविष्याचा प्रत्यय गुजरातीच्या 'करशे'त टिकला; मराठीने मात्र 'करी' या जुन्या वर्तमानरूपास ल जोडून आपले नवे भविष्य उभारले, जसे हिंदीने 'करे'ला 'गा' जोडून आपले उभारले. म्हणजे उसनवारी सर्वांचीच आहे. आधुनिक ग्रीकांनी 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदापासून भविष्य घडविले, फ्रेंचांचे भविष्य 'जवळ असणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आले, आणि 'जात असणे' यापासून तर कितीतरी भाषांनी ते घडविले आहे, ज्यांत इंग्रजीतील 'गोइंग टू' ही सांप्रत बोलण्यात विशेष चलती असलेली रचनाही येते.

समीकरणाचे दुसरे नुकसान वाक्यरचनेत दिसते. 'तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन' हे मराठी वाक्य निर्दोष आहे, आणि त्याचे 'आय विल टेल हिम व्हेन ही विल कम' हे भाषांतर सदोष आहे, कारण इंग्रजीत 'तेव्हा'च्या आणि 'जर'च्या पोटवाक्यात साधा वर्तमानकाळ घालावा लागतो. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर पोसलेल्या पिढीपासून आजच्या शिकवणीवर्गापर्यंत ही चूक लाल शाईने खोडली जाते, आणि 'हा अपवाद पाठ करा' एवढाच तिचा खुलासा मिळतो. वस्तुतः तो अपवाद मुळीच नाही. 'विल' हा काळाचा प्रत्यय नसून बोलणाराच्या निश्चयाचा, वचनाचा किंवा अनुमानाचा शब्द आहे, असे पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर त्याचे येणे ही येथे केवळ गृहीत धरलेली अट आहे, त्याविषयी बोलणारा काही भाकीतही करीत नाही आणि वचनही देत नाही, सबब तेथे 'विल'ला काम नाही, हे मुलाने आपले आपण ताडले असते.

शाळेची ही सवय शाळेत राहिली असती तर एक वेळ चालले असते. परंतु मुले मोठी होऊन भाषांतरकार होतात आणि सरकारी खात्यांत बसतात, तेव्हा हे समीकरण कायद्यात शिरते. इंग्रजी कायद्यातील 'शॅल' हा त्या शब्दाच्या मूळ अर्थाचा, म्हणजे बंधनाचा, शेवटचा भक्कम किल्ला आहे. आमच्या अनुवादांत त्याच्या जागी सरसकट 'करील', 'देईल', 'असेल' अशी रूपे बसविली गेली. भारताला राष्ट्रपती असलाच पाहिजे, असे फर्माविणाऱ्या संविधानाच्या ५२व्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात 'असेल' हे क्रियापद आहे. आता 'घरात तांदूळ आहेत का?' या प्रश्नाला 'असतील' असे उत्तर मिळाल्यावर कोणता मराठी माणूस आधण ठेवण्याचे धाडस करतो? जे रूप आमच्या बोलण्यात अनिश्चिततेची निशाणी आहे, त्यालाच आम्ही राज्याच्या सर्वश्रेष्ठ दस्तऐवजात आज्ञेच्या आसनावर बसविले. इंग्रजी 'शॅल' निरपवाद आहे असेही नव्हे. शिस्तभंगाच्या प्रकरणी लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी ३२०व्या अनुच्छेदात तो शब्द असूनही, तो निदेशात्मक आहे, बंधनकारक नव्हे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली दिला. परंतु तेथे निदान वाद कशाचा आहे हे दोन्ही पक्षांच्या वकिलांना ठाऊक होते.

आमच्या जुन्या राजभाषेला हा घोटाळा ठाऊक नव्हता. पेशवे दप्तरातील हुकूम भविष्यकाळात बोलत नाहीत. 'पाठविणे', 'देणे', 'येणे' अशी धातूची णे-प्रत्ययान्त रूपे तेथे आज्ञेचे काम करतात, आणि ऐकणाराला आपण काय करायचे याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. त्या रूपांचे पुनरुज्जीवन करावे असे मी म्हणत नाही, कारण ती आता कचेरीच्या दाराबाहेरही हास्यास्पद वाटतील. परंतु 'करावे' आणि 'केले पाहिजे' ही रूपे जिवंत आहेत, कर्तव्याचा अर्थ त्यांत निःसंदिग्ध आहे, आणि 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या कर्ता गमावलेल्या, मुदत न सांगणाऱ्या वाक्याहून 'अमुक अधिकाऱ्याने अमुक दिवसांत कार्यवाही करावी' हे वाक्य अर्जदाराला कितीतरी अधिक काही देऊन जाते. इंग्रजीतील 'विल बी टेकन' या मूळ वाक्यातही कर्ता लपलेलाच होता, हे खरे. आम्ही त्याला लपण्यासाठी आणखी एक पडदा शिवून दिला.

यावर कोणी म्हणेल की दहा वर्षांच्या मुलाला इच्छा, बंधन, अनुमान असले भेद कसे कळावेत. त्याला कोष्टकच सोयीचे. हा युक्तिवाद मला मान्य नाही. 'मूल जेवेना', 'बाबा आले असतील', 'मी उद्या नक्की देईन' या तीन वाक्यांतील फरक ते मूल शाळेत येण्यापूर्वीच जाणते आणि बिनचूक वापरते. कोष्टक ते ज्ञान त्याच्याकडून काढून घेते. कायद्याच्या भाषेतील 'ईल' आता इतक्या वर्षांच्या वहिवाटीने आणि निवाड्यांनी पक्का झाला आहे की त्याला हात लावणे शहाणपणाचे होणार नाही, हे मी कबूल करतो. परंतु इंग्रजीचे पाठ्यपुस्तक दर काही वर्षांनी नव्याने लिहिले जातेच. पुढच्या खेपेस त्यातील तिसरा रकाना काढून टाकावा, आणि त्या जागी 'विल' हा शब्द 'कॅन', 'मे', 'मस्ट' या त्याच्या सख्ख्या भावंडांच्या पंक्तीला बसवून, प्रत्येकापुढे एकेक घरगुती मराठी वाक्य द्यावे. परीक्षकांची त्याने थोडी गैरसोय होईल, कारण रिकाम्या जागा भरा या प्रश्नाला मग एकच उत्तर बरोबर असणार नाही.