तुरुंगात न गेलेले वकीलसाहेब

हैदराबादेत नारायणगुड्याच्या केशव मेमोरियल शाळेतले केशव म्हणजे डॉ. हेडगेवार, असं या आठवड्यात विद्यानगरातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ठासून सांगितलं. शाळा 1940 ची, हेडगेवार वारले तेही 1940 मध्येच. जुळणी चुकीची, पण सोयीची. सोयीचा इतिहास आपल्याकडे फार लवकर रुजतो.

ते केशव म्हणजे केशवराव कोरटकर (1867–1932). पुरजळसारख्या खेड्यातून येऊन गुलबर्ग्यात आणि मग हैदराबादेत वकिली केलेले, आर्य समाजाचे पुढारी, पुढे निजामाच्याच हायकोर्टात न्यायाधीश.

योगायोग असा, की सध्या मी त्याच काळातल्या दुसऱ्या एका कायदेपंडिताबद्दल, तुर्कस्तानच्या सय्यिद बेंबद्दल, वाचतो आहे. इझमीरचे हे गृहस्थ इस्तंबूलला धर्मशास्त्रीय कायदा शिकवायचे आणि राजकारणातही होते. 3 मार्च 1924 रोजी अंकाऱ्याच्या संसदेत खिलाफत बरखास्त करण्याचा ठराव आला, तेव्हा ते न्यायमंत्री होते. त्यांनी लांबलचक भाषण करून पटवून दिलं, की खिलाफत हा श्रद्धेचा विषय नाही, राज्यकारभाराचा आहे. आणि हे त्यांनी त्याच धर्मशास्त्राच्या आधारे सिद्ध केलं, युरोपातला एकही पंडित मध्ये न आणता. ठराव मंजूर झाला. काही दिवसांतच नवं मंत्रिमंडळ आलं आणि त्यात सय्यिद बे नव्हते. पुढच्या वर्षी ते वारले. 1926 साली तुर्कस्ताननं स्वित्झर्लंडचा दिवाणी कायदा उचलला आणि त्यांची सगळी विद्या अडगळीत गेली. सत्तेला शास्त्री लागतो तो एका दुपारपुरता.

पदच्युत खलिफांचा खर्च उचलला तो हैदराबादच्या निजामानं. 1931 साली तर त्यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाची सून झाली. म्हणजे तिकडे एका कायदेपंडितानं ज्यांची गादी काढली, त्यांना इकडे तनखा मिळत होता, आणि तो देणाऱ्या दरबारच्या हायकोर्टात आमच्या मराठी वकिलानं न्यायदान केलं होतं. केशवरावांच्या वाट्याला संसद आली नाही. निजामाच्या मोगलाईत जाहीर सभेलाही परवानगी लागायची. हैदराबादच्या राजकीय परिषदा काकीनाडा, मुंबई, पुणे अशा संस्थानाबाहेरच्या गावांत भरवाव्या लागल्या. मग वकिलानं करायचं काय? त्यांनी शाळा धरल्या. 1907 साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघालं, हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली. दोन्हींच्या उभारणीत त्यांचा हात होता. विद्वत्तेत सय्यिद बे वरचढ असतील. पण त्यांचं काम सत्तेच्या मर्जीवर उभं होतं, केशवरावांचं वर्गणीवर. मर्जी गेली, वर्ग अजून भरतात.

विवेकवर्धिनीचं सगळंच गौरवाचं होतं असं नाही. 1921 सालच्या सामाजिक परिषदेत, अण्णासाहेब कर्वे अध्यक्षस्थानी असताना, तेलुगूत बोलणाऱ्या वकिलाची तिथं हुर्यो उडवली गेली. त्यातूनच आंध्र जनसंघ जन्मला. मी हे मागे लिहिलं तेव्हा रागाची पत्रं आली होती. या वेळीही येतील, येऊ देत.

आता माझं जुनं दुखणं. आपला हैदराबाद मुक्तिसंग्राम 1938 च्या सत्याग्रहानं सुरू होतो आणि 17 सप्टेंबर 1948 ला संपतो. जो तुरुंगात गेला तो सैनिक. ज्यानं कोर्टात उर्दूतून बाजू मांडली आणि संध्याकाळी शाळेच्या समितीत वर्गणीचा हिशेब तपासला, तो फार तर देणगीदार. त्यात निजामाचा पगार घेतलेला! पण अडतीसच्या आंदोलनात उतरलेली पोरं शिकली कुठे, हे कोणी विचारत नाही. केशवरावांचे चिरंजीव बॅ. विनायकराव विद्यालंकार त्या लढ्यात उतरले, पुढे बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात आले आणि 1957 साली हैदराबादचे खासदार झाले. घरातली वकिली बघता बघता राजकारण झाली, एवढं तरी आपल्या वक्त्यांना दिसायला हवं.

येत्या 17 सप्टेंबरच्या भाषणांची तयारी करणाऱ्यांना विनंती: सुरुवात 1907 पासून करा.

— विद्यानगरकर