स्मृतींची देखभाल
देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्या पिढीच्या आठवणी अनेक घरांत ट्रंकेतील छायाचित्रांत राहिल्या. कागद पिवळा पडतो, तरी चेहरा दिसत राहतो. डिजिटल फाइल मात्र पूर्वसूचना न देता जाते. पेनड्राइव्हमधील माहिती म्हणजे साठवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला की गळू लागतो. घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर प्रकाशाने व उष्णतेने बिघडतो. हार्ड डिस्क तर यंत्रच, आणि यंत्राला देखभाल लागते हे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या पालकांना वेगळे सांगायला नको.

शिवाय माध्यम टिकले म्हणजे मजकूर वाचता येतोच असे नाही. कार्ल्याच्या लेण्यांतील दात्यांची नावे दगडात शाबूत होती, पण ब्राह्मी लिपी वाचणारेच उरले नव्हते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास तिचा उलगडा केला. हाती सीडी आहे आणि ती घालण्याची सोय नव्या संगणकात नाही, ही त्याचीच धाकटी आवृत्ती.

म्हणून ‘कायमस्वरूपी’ म्हणून विकली जाणारी महागडी साधने घेण्यापेक्षा शाळेने माणसे नेमावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्नेहसंमेलनांची छायाचित्रे व जुन्या नोंदी यांच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक शाळेबाहेर. त्या दरवर्षी उघडून पाहाव्यात, दर पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्यात. संगणकक्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांना हे आळीपाळीने सहज जमेल. आणि जुने चेहरे ओळखणारे शिक्षक आपल्यात आहेत तोवर फायलींना माणसांची नावे द्यावीत; ‘आयएमजी ०४२७’ वरून कोणत्या तुकडीतील कोण, हे उद्या कोण सांगणार?