गिअर काढू नका, आऊटर बदला

जुनी गिअरची माउंटन बाइक दुरुस्तीला नेली की दोनपैकी एक सल्ला ठरलेला: मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदला, नाहीतर गिअर काढून सायकल साधी करून टाका. पहिला खिशाला जड, दुसरा गुडघ्यांना. आणि जासई-उरणसारख्या खाडीकाठच्या पट्ट्यात दोन्ही बहुधा अनाठायी, कारण इथे आधी मरते ती वायर. वायर म्हणजे आतली स्टीलची इनर आणि तिच्यावरचं आऊटर, अशी जोडी. ही जोडी ब्रेकच्या रबरांसारखी झिजणारी वस्तू धरून दर पावसाळ्यानंतर पुरती बदलावी, एवढंच म्हणणं आहे. पण त्याला विरोध बराच होतो.

लक्षण ओळखायला मिस्त्री लागत नाही. शिफ्टरची कळ दाबली की चेन मोठ्या चकतीवर चढते, पण परत छोटीवर यायला कुरकुरते. येते ती उशिरा, खाडकन, नको त्या क्षणी. चढवताना अंगठ्याचा जोर असतो, उतरवताना केवळ डिरेलरमधल्या स्प्रिंगचा. इनर आऊटरमध्ये घासू लागली की स्प्रिंगचा जोर वाटेतच संपतो आणि आळ येतो डिरेलरवर. शहानिशा सोपी आहे. डिरेलरवरचा वायरीचा बोल्ट सैल करून वायर मोकळी करायची, डिरेलर हाताने आत ढकलायचा आणि सोडायचा. तो झटकन जागेवर परतला तर बिचारा निर्दोष आहे. जुन्या गिअरना अशी घासाघीस चालून जाई, कारण चालवणाराच कळ थोडी मागेपुढे करून चेन बसवत असे. शिमानोने १९८४ मध्ये रेसिंग सायकलींसाठी ठरावीक टप्प्यावर ‘टक’ करून थांबणारी गिअर-व्यवस्था आणली, ती पुढे माउंटन बाइकवर आली आणि ही मुभा गेली. आठ चकत्यांच्या सायकलीत एका टप्प्याला वायर तीन मिलिमीटरही सरकत नाही. त्यातला एखादा मिलिमीटर गंजाने खाल्ला की टप्पा चुकलाच.

जासईला हा गंज लवकर धरतो, याची कारणं हवेतच आहेत. जवळ खाडी, खारफुटी आणि उरणची मिठागरं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून वाढत गेलेली कंटेनर ट्रेलरची वर्दळ आणि तिने उडवलेली धूळ. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी वायर कोरडी होत नाही. पाणी इनरच्या कडेकडेने खाली ओघळतं आणि मागच्या चाकाजवळ डिरेलरमध्ये शिरणाऱ्या आऊटरच्या छोट्या वळशात साचतं. हा वळसा सर्वांत खालचा, चिखलाच्या सर्वांत जवळचा. जुन्या सायकलीचा एवढाच वीतभर तुकडा काढून वाकवला तर आतून तपकिरी राड गळते. बाकीचं आऊटर बाहेरून ठणठणीत दिसत असतं, म्हणून कोणी संशय घेत नाही.

म्हणूनच नुसती इनर बदलण्याची रीत मला पटत नाही. नवी इनर जुन्या राडीत घातली की पहिला आठवडा गिअर बरे पडतात, मग पुन्हा तेच रडगाणं. वरून तेल सोडणं त्याहून वाईट: तेलाला धूळ चिकटते आणि मलम तयार होतं. आऊटर बदलतानाही घाईला जागा नाही. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या आऊटरमध्ये एकच तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ब्रेकचं आऊटर गिअरला लावलं तर ते दाबलं जाऊन टप्पे चुकतात. गिअरचं ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फुटू शकतं, आणि तिथे प्रश्न सायकलीचा राहत नाही. कापताना धारदार कटर हवा. कापलेल्या टोकाशी आतली प्लास्टिकची नळी चेपते, ती दाभणाने गोल मोकळी करून मगच टोपी बसवावी.

आता आक्षेप. मजुरी धरून एवढा खर्च जुन्या सायकलीवर कशाला, शिवाय सायकलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मग नवीच का नको? पण तीच सवलत सुट्या भागांनाही मिळाली आहे, आणि इनर-आऊटरचा खर्च काही शे रुपयांत भागतो. नवी सायकल आणली तरी ती राहणार याच हवेत. तिचीही वायर गंजेल. डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती वाकली असेल, तर मात्र वायर बदलून उपयोग नाही, हे कबूल. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ सांगणारं पोर्टल काढलं, ते मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीच्या अवजारांसाठी. सायकलीत तो हक्क उघड्यावर टांगलेला आहे: चार पान्यांत सगळं निघतं, कंपनीची परवानगी लागत नाही. आपणच तो वापरत नाही.

गिअर काढून टाकले तर कटकटच मिटेल, हा युक्तिवाद सपाट रस्त्यापुरता खरा होता. आता इथे उड्डाणपुलांचे चढ आहेत, आणि सिग्नल सुटल्यावर मागे ट्रेलर घरघरत असताना हलक्या गिअरने पटकन निघता येणं ही चैन नव्हे. अशा रस्त्यावर सायकल चालवूच नये, असंही काहीजण म्हणतील. अटल सेतूवर तर सायकलीला बंदीच आहे. तो सेतू शेजारच्या चिरल्याजवळ उतरतो, त्याची वाहतूक मात्र याच रस्त्यांवर येते. सायकलीसाठी वेगळी पट्टी मागायलाच हवी, ती मागणी वायरीने भागत नाही. पण ज्यांना आजही सायकलीनेच कामावर जायचं आहे, त्यांना ऐन चढावर चेन अडकलेली परवडत नाही.