आधी एक कोपरा शोधा

कॉलेजात शिकणारी किंवा नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारी बरीच मुलं एखाद्या फारशा माहीत नसलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रेमात पडतात. कुणाला निम आवडते, कुणाला झिग, कुणाला ओडिन. भाषा नेटकी असते, लिहिताना मजा येते, आणि लगेच बेत ठरतो: हिच्यात एक गेम इंजिन लिहायचं, सी++ला हरवायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे की तिथून सुरुवात करू नका.

इंजिनाच्या कामात सी++ची मुळं फार खोल गेली आहेत. कन्सोल कंपन्यांची साधनं तिच्यासाठी बनतात, जुन्या लायब्रऱ्या तिच्यात आहेत, अनुभवी माणसं तिच्यातली मिळतात. तुमची भाषा कितीही सुंदर असली तरी एवढ्यासाठी कोणी चालू काम मोडणार नाही. म्हणून वेगळा प्रश्न विचारा. गेम बनवताना असं कोणतं काम आहे, जे सी++मध्ये करताना लोक वैतागतात? तोच तुमच्या भाषेचा कोपरा.

लुआ या भाषेची गोष्ट या प्रश्नासाठी मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ती अमेरिकेतल्या कुठल्या बड्या कंपनीत जन्मली नाही. 1993 साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रॉबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती तयार केली. 1977 ते 1992 या काळात ब्राझीलने परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअरवर कडक निर्बंध घातले होते, त्यामुळे लागेल ते घरीच बनवायची सवय तिथे पडली होती. या गटाचं मोठं गिऱ्हाईक होतं पेट्रोब्रास ही तेल कंपनी. तिथले इंजिनिअर भूगर्भाच्या आकडेवारीत मुरलेले होते, पण प्रोग्रॅमिंग हा त्यांचा धंदा नव्हता. त्यांना झेपेल अशी, सी भाषेतल्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसणारी छोटी भाषा हवी होती.

त्या वेळी गेमचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. 1996च्या डिसेंबरात ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ या मासिकात लुआवर लेख आला आणि तो लुकसआर्ट्स या गेम कंपनीतल्या ब्रेट मोगिलेफ्स्की यांच्या वाचनात आला. कंपनीची स्वतःची स्क्रिप्ट भाषा होती, तरी नव्या गेमसाठी त्यांनी लुआ घेतली. तो गेम म्हणजे 1998चा ‘ग्रिम फँडँगो’. पुढे 2004मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खेळाडूंना स्वतःचे अ‍ॅड-ऑन लुआत लिहू दिले, आणि आज रोब्लॉक्स या गेम प्लॅटफॉर्मवर शाळकरी मुलं ज्या भाषेत लिहितात तीही लुआचीच एक शाखा आहे.

हे जमलं कशामुळे, याकडे नीट पाहा. गेममध्ये चित्र उमटवणं, टक्कर मोजणं, आवाज मिसळणं ही वेगाची कामं सी++कडेच राहिली. पण दार कधी उघडायचं, पात्राने काय बोलायचं, शत्रूला किती ताकद द्यायची, या गोष्टी दिवसातून पन्नास वेळा बदलतात आणि त्या बदलणारा लेव्हल डिझायनर बहुधा प्रोग्रॅमर नसतो. प्रत्येक बदलासाठी सगळा गेम पुन्हा कंपाइल करत बसायचं का? लुआची फाइल बदलली की काम झालं. तेलाच्या इंजिनिअरसाठी केलेली सोय गेमच्या डिझायनरला तंतोतंत लागू पडली. शिवाय भाषा अगदी छोटी आहे, साध्या सीमध्ये लिहिलेली आहे, आणि 1995पासून व्यापारी वापरालाही तिला आडकाठी नाही. तुमची भाषा लोकांनी वापरावी असं वाटत असेल, तर परवाना पहिल्या दिवसापासून मोकळा ठेवा.

नॉटी डॉग कंपनीचं उदाहरण मला याहूनही बोलकं वाटतं. अँडी गॅविन यांनी लिस्प या जुन्या भाषेच्या घराण्यातली गोल नावाची भाषा स्वतः घडवली आणि 2001चा ‘जॅक अँड डॅक्स्टर’ जवळजवळ सगळा तिच्यात लिहिला गेला. काम अप्रतिम होतं. पुढे मात्र कंपनी सी++कडे वळली. तरी लिस्प तिथून हद्दपार झाली नाही. 2007च्या ‘अनचार्टेड’मध्ये त्याच घराण्यातली, आज रॅकेट म्हणून ओळखली जाणारी भाषा गेमचा डेटा आणि स्क्रिप्ट लिहायला वापरली गेली. इंजिनातली जागा गेली, पण कोपरा टिकला. याच्या उलट युनिटी या गेम इंजिनमध्ये झालं. तिथे सी#च्या शेजारी बू आणि युनिटीस्क्रिप्ट या भाषा होत्या, पण त्या करत होत्या ते सगळं सी# करतच होती. दोन्ही बंद झाल्या.

आता कामाचं बोलू. तुमच्या भाषेतून सीच्या लायब्रऱ्यांना सहज हाक मारता येते का, हे सगळ्यात आधी तपासा. जमत नसेल तर गेमचा नाद तूर्त सोडा, कारण आवाजापासून कंट्रोलरपर्यंत सगळं तिथूनच घ्यावं लागतं. मग मेमरी पाहा. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला 16 मिलिसेकंदांहून जरासाच जास्त वेळ मिळतो; भाषेने मध्येच वापरून झालेल्या मेमरीचा कचरा साफ करायला तेवढा वेळ घेतला तर खेळणाऱ्याला झटका बसतो. ‘बाकी वेग चांगला आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. कन्सोलवर जायचं स्वप्न असेल तर हॅक्स या भाषेकडून शिका: ती सीमध्ये किंवा सी++मध्ये उतरते, म्हणून ‘डेड सेल्स’सारखा गेम कन्सोलवरही पोचू शकला.

आणि गेम पूर्ण करा. छोटा असू दे, पण सुरुवातीच्या पडद्यापासून शेवटापर्यंत खेळता येईल असा करा. भाषेची शंभर वैशिष्ट्यं सांगणाऱ्या पानापेक्षा एक पुरा गेम लोकांना लवकर पटतो. 2024चा ‘बलाट्रो’ कॅनडातल्या एका माणसाने लुआ आणि लव्ह या मोफत चौकटीवर केला आणि महिन्याभरात त्याच्या 10 लाख प्रती खपल्या. तेवढं यश सगळ्यांना मिळणार नाही, पण पुरा केलेला गेम तुमच्या हातात नक्की राहील.

कॉलेजातल्या शिक्षकांनाही विनंती आहे की प्रोजेक्टसाठी मुलांनी अनोळखी भाषा निवडली तर तिला नोकरी आहे का, असं विचारून परत पाठवू नका. ती कोणत्या कामाला उपयोगी पडते, ते दाखवायला सांगा.

गेम तयार झाला की प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला किंवा धाकट्या भावाला समोर बसवा. एका पात्राचा संवाद आणि उडीची उंची बदलायला सांगा. तुम्ही गप्प राहा, माउसला हात लावू नका. ते कुठे अडतात ते वहीत टिपा, आणि नवं काही जोडण्याआधी तेवढं दुरुस्त करा.