किनाऱ्यावरचा धंदा आणि मोबाईलवरचा शब्द

अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन या आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आज घरगुती खानावळीपासून होमस्टेपर्यंत अनेक धंद्यांचं पान इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर असतं. पूर्वी दुकानाची पाटी रस्त्यावरून जाणाऱ्यालाच दिसायची. आता ती मुंबई-पुण्यातल्या माणसाला घरबसल्या दिसते. मग या नव्या पाटीचे शिष्टाचार कोणते? गोड बोलणं, हात जोडलेल्या इमोजी टाकणं, हे सगळं नंतरचं. माझ्या मते पहिला शिष्टाचार एकच : जे आज खरं आहे, तेवढंच सांगावं.

इथे 'आज' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण समुद्र रोज वेळ बदलतो. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभरात हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे गेल्या शनिवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या शनिवारी भरती असू शकते! कोळीवाड्यातली माणसं तिथीवरून पाणी ओळखतात. पाहुण्याला ते कसं कळणार? तो रील बघतो आणि निघतो. तारीख नसलेली रील अशी जिवावर बेतू शकते.

पावसाळ्यातही तेच. गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच साधारण तीन महिने बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही थांबतात. आणि पानावर मात्र जानेवारीतला निळाशार, शांत समुद्र! पाहुणा मुलाबाळांना घेऊन येतो आणि खवळलेलं पाणी बघून हिरमुसतो, नाहीतर हट्टाने त्यात उतरतो.

काही जण म्हणतील, "सर, खरं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल." हे अगदीच खोटं नाही. हंगाम थोड्या महिन्यांचा आणि कर्ज बारा महिन्यांचं असतं. पण फसून आलेला पाहुणा एकदाच येतो, आणि जाताना चार ओळी लिहून जातो. त्या ओळी पुढची कितीतरी वर्षं वाचल्या जातात. त्यापेक्षा "समुद्रात उतरता येणार नाही, पण भातलावणी बघायला या" असं लिहिलं तर काय बिघडलं?

नावाचंही तसंच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा लावतात आणि माळा विणून विकतात. दुसरीकडचा पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून पोस्ट करणं म्हणजे राबणाऱ्या शेतकऱ्याच्या ताटातलं काढून घेणं आहे. शिवाय दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, मग ती भिंतीवर असो की मोबाईलवर.

बाकीचे नियम याच एका नियमातून निघतात. दर विचारला की "इनबॉक्समध्ये या" म्हणू नये, उघड लिहावा. पाहुण्यांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नयेत. तक्रार आली तर ती पुसू नये आणि भांडूही नये. चूक असेल तर मान्य करून काय सुधारलं ते लिहावं, चूक नसेल तर शांतपणे वस्तुस्थिती मांडावी. भावाला, मित्राला सांगून खोटे रिव्ह्यू तर मुळीच लिहून घेऊ नयेत. ऑनलाइन रिव्ह्यू कसे घ्यावेत आणि दाखवावेत, याचं मानक भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्येच काढलं आहे.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण बऱ्याच घरांत आई रांधते, बाबा बाजार आणतात आणि मोबाईल तुमच्या हातात असतो. गावात मिळवायला दोन पिढ्या लागलेली पत तुमच्या एका पोस्टवर टिकते किंवा जाते. म्हणून पुढचा फोटो टाकाल तेव्हा खाली दोन गोष्टी नक्की लिहा : फोटो कधी काढला ती तारीख, आणि आजच्या ओहोटीची वेळ.